जिनिंग मिलच्या सर्व्हरला दुसरी तार जोडताना

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग मिलच्या शेठजींची मागणी सरळ होती: "ताई, सर्व्हरला दोन तारा लावा. एक गेली तर दुसरी चालली पाहिजे, आणि दोन्ही चालू असल्या तर वेग डबल." मी जळगावात नेटवर्किंगची कामं घेते, दाल मिल, पतसंस्था, दवाखाने असं मिश्र गिऱ्हाईक आहे. नेटवर्क अडॅप्टरचं टीमिंग म्हणजे दोन किंवा अधिक पोर्ट, म्हणजे तार खोचायच्या जागा, एकत्र बांधायचे आणि संगणकाला ते एकच पोर्ट आहे असं भासवायचं. त्याचे दोन फायदे नेहमी जोडीनं सांगितले जातात: भार वाटला जातो आणि एखादं पोर्ट गेलं तरी काम थांबत नाही. शेठजींनीही तेच ऐकलं होतं. एकाच ठिकाणी हे दोन्ही कितपत मिळतात ते जागा बघितल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून पाळधीमार्गे मिल गाठली.

मागणीला मागच्या हंगामाचं कारण होतं. दिवाळीनंतर आवक भरात असताना एका संध्याकाळी अवकाळी पाऊस आणि विजांचा कडकडाट झाला आणि सर्व्हरची तार ज्या पोर्टात होती ते नेटवर्क स्विचचं, म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या डबीचं, पोर्ट जळालं. भुईकाट्यावर वजन दिसत होतं, पण काटापट्टी निघेना. भरलेल्या गाडीचं वजन, कापसाचा ओलावा, ठरलेला भाव, मग रिकाम्या गाडीचं वजन, हे सगळं सर्व्हरवर नोंदवलं जातं आणि पट्टी तिथूनच तयार होते. मुनीमजींनी वहीवर वजनं उतरवायला घेतली. ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. रात्री वहीतले आणि काट्यावरचे आकडे जुळेनात आणि शेतकऱ्यांशी बोलाचाली झाली ती वेगळीच. पोर्ट किरकोळ किमतीचं, पण त्या संध्याकाळची आठवण शेठजी अजून काढतात.

जागेवर काय दिसलं? ऑफिसच्या मागच्या खोलीत सर्व्हर, विंडोज सर्व्हर २०१९. त्याला दोन पोर्ट, एकात तार, दुसऱ्यावर अजून कंपनीची रबरी टोपी. भिंतीवर खिळ्याला टांगलेला आठ पोर्टांचा साधा स्विच, आणि त्यावर रुईच्या तंतूंचा असा थर की दिवे लुकलुकताना दिसतच नव्हते. जिनिंगमध्ये हा तंतू कुठेही शिरतो. पंख्याच्या जाळीवर, प्लगच्या फटीत, तारेच्या टोकाशी, सगळीकडे तो असतो आणि तो पेटही घेतो. त्यामुळे पहिलं काम ब्लोअरनं साफसफाई आणि स्विचसाठी दारवाली पेटी. याला टीमिंग म्हणत नाहीत, पण बिघाड टाळण्यात त्या पेटीचा वाटा टीमिंगपेक्षा कमी नाही.

काटा फाटकाजवळ, ऑफिसपासून शंभर मीटरच्या बराच पुढे. तांब्याची तार शंभर मीटरपर्यंतच भरवशाची असते, म्हणून तिथे फायबर टाकलेली होती, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची तार जुळवणारी डबी. फायबर एकच. मी शेठजींना तिथेच सांगितलं की सर्व्हरला दोन काय, चार तारा लावल्या तरी काट्याकडे जाणारी वाट एकच राहणार. टीमिंग फक्त सर्व्हरच्या टोकाची काळजी घेतं. त्यांनी मान हलवली. मान हलवणं आणि खिशात हात घालणं यातलं अंतर धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

आधी वेगाचा प्रश्न घेतला, कारण तो सोपा निघाला. सर्व्हरवर पाहिलं तर जोडणी १०० मेगाबिटची. स्विचच जुन्या पिढीचा होता. मिलचे सगळे कॅमेरे त्याच सर्व्हरवर चित्रण साठवत होते. एकेका कॅमेऱ्याचे चार-पाच मेगाबिट धरले तरी सोळा कॅमेऱ्यांत सर्व्हरची तार अर्ध्याच्या वर भरते. वर संध्याकाळचा बॅकअप सुरू झाला की ऑफिसातला संगणक पट्टी उघडायला रेंगाळायचा. याला टीमिंगची गरजच नव्हती. गिगाबिटचे स्विच घेतले आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळा रेकॉर्डर आणि वेगळा स्विच लावला की भाराची तक्रार संपते. दुकानदारानं मात्र शेठजींना महागडा स्विच दाखवून ठेवला होता, 'एलएसीपी'वाला, म्हणजे सर्व्हरशी बोलून तारा एकत्र बांधणारा, "याच्यावर दोन गिगाबिट मिळतील" असं सांगून.

तर शेठजींना हे दोन गिगाबिट समजावून सांगणं आलं. आम्ही फाटकाजवळ उभे होतो. मी विचारलं, "इथे आणखी एक भुईकाटा बसवला तर रांग लवकर सरकेल ना?" सरकेल म्हणाले. "पण एकच ट्रॅक्टर अर्धा या काट्यावर, अर्धा त्या काट्यावर चढवून लवकर मोजता येईल का?" ते हसले. टीमिंगचं असंच आहे. एका संगणकाचं सर्व्हरशी चाललेलं एक संभाषण, म्हणजे एखादी फाईल उतरवणं, एकाच तारेवरून जातं. ते दोन तारांवर फोडलं तर माहितीचे तुकडे, म्हणजे पाकिटं, मागेपुढे पोचतात आणि ती लावून घेण्यातच वेळ जातो, म्हणून बहुतेक पद्धती ते फोडत नाहीत. पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांवरून एक गणित करून कोणतं संभाषण कोणत्या तारेवर टाकायचं ते ठरतं. वीस जण एकदम काम करत असतील तर दोन गिगाबिटचा उपयोग आहे, एकट्याच्या कॉपीला एकच गिगाबिट.

दुसरी मेख याहून बारीक आहे आणि ती दुकानदार कधीच सांगत नाही. विंडोजमध्ये टीमिंग सर्व्हर २०१२ पासून आतच आलं. त्याआधी कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घालावं लागायचं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं एकत्र बांधणं कटकटीचं असायचं. आता ३२ पर्यंत पोर्ट एका टीममध्ये घेता येतात. पद्धती तीन: स्विचला काहीच कळू न देता, स्विचवर हातानं ठरवून, आणि एलएसीपीनं दोघांनी आपसात बोलून. एलएसीपीचं मूळ मानक ८०२.३एडी, सन २००० चं. ही शेवटची पद्धत देखणी खरी, पण तिला दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये लागतात, नाहीतर एकमेकांशी जोडून एकासारखे वागणारे महागडे स्विच लागतात. आमच्याकडे मागच्या वर्षी जळालं होतं ते स्विचचंच पोर्ट. दोन्ही तारा पुन्हा एकाच स्विचमध्ये खोचल्या तर त्या स्विचचा विजेचा अडॅप्टर गेला की दोन्ही तारा मेल्या. म्हणून पहिली पद्धत घेतली: एक तार या स्विचला, दुसरी त्या स्विचला, आणि दोन्ही स्विचना या जोडीचा पत्ताच नाही.

या पद्धतीत सर्व्हरमधून बाहेर जाणारी वाहतूक दोन तारांत वाटता येते, कारण ती कुठून सोडायची ते सर्व्हरच्या हातात असतं. आत येणारी मात्र बहुतेक एकाच तारेवर येते. स्विचच्या दृष्टीनं टीमचा एक मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, एका पोर्टावर आहे, तो सगळं तिकडेच पाठवतो. आणि या मिलमध्ये सर्वांत मोठा भार होता कॅमेऱ्यांचा, म्हणजे आत येणारा! शेठजींच्या कल्पनेतलं वाटप ज्या भारासाठी हवं होतं त्याला ते लागूच झालं नसतं. कॅमेरे बाजूला काढण्याचा निर्णय इथे आणखी पक्का झाला.

सामानात एक गोष्ट मी हट्टानं घेतली. सर्व्हरला दोन पोर्ट होते, पण दोन्ही मदरबोर्डवरच्या एकाच चिपमधून निघालेले. चिप गेली तर दोन्ही गेले. म्हणून स्लॉटमध्ये बसणारं वेगळं गिगाबिट कार्ड घेतलं आणि टीम केली एक बोर्डावरचं पोर्ट आणि एक कार्डावरचं. वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी विंडोजला चालतात. वेग मात्र सारखा असावा.

काम आवक संपल्यावर, रात्री घेतलं. सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून समोर बसूनच करायचं, लांबून रिमोट डेस्कटॉपनं नाही, कारण टीम बनते त्या क्षणी जुन्या पोर्टाचा आयपी पत्ता निघून जातो आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. आधी जुना पत्ता, सबनेट, गेटवे, डीएनएस असं सगळं कागदावर. मग सर्व्हर मॅनेजरमध्ये 'लोकल सर्व्हर'वर जाऊन 'निक टीमिंग'समोरच्या 'डिसेबल्ड'वर क्लिक. सुरुवातीला टीममध्ये फक्त जुनं, चालू पोर्ट घातलं. कार्ड नंतर जोडलं. याला कारण होतं. मिलचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्व्हरच्या मॅक पत्त्याला बांधलेलं होतं, आणि टीम आपल्या सदस्यांपैकी एकाचाच मॅक उचलते. जुनं पोर्ट आधी घातल्यामुळे तोच पत्ता टिकला आणि लायसनचा फोन करावा लागला नाही. टीमचं नाव ठेवलं 'काटा'. नवीन जोडणी आपोआप पत्ता शोधत बसते, तिला कागदावरचा जुना पत्ता दिला. खालच्या दोन्ही पोर्टांवर आता पत्ता नसतो, तिथे नुसती मल्टिप्लेक्सर प्रोटोकॉलची खूण राहते. ते बघून मुनीमजींसारखा माणूस घाबरून पुन्हा पत्ता टाकायला जातो, म्हणून तिथे हात लावू नका असं ठळक लिहून मॉनिटरला चिकटवलं.

टीम वर आली आणि वेग दाखवला १.१ गिगाबिट. दोन गिगाबिट पोर्टांची बेरीज २ यायला हवी. १.१ म्हणजे एक पोर्ट १०० मेगाबिटवर घसरलंय. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिट दोन जोड्यांत भागवतं. एखादी जोडी तुटली की पोर्ट मुकाट्यानं खाली उतरतं आणि तक्रार करत नाही. जुनी तार कपाटामागून ओढून पाहिली. उंदरानं एका जागी आवरण सोलून आतल्या तारा कुरतडल्या होत्या. नवीन तार टाकली, दोन्ही टोकं क्रिंप केली, आणि आकडा २.० वर आला. किती दिवस ती तार तशी चालली होती देव जाणे. स्विचच १०० चा असताना ते कळायला वावच नव्हता.

यानंतर मिलच्या वायरमननं एक प्रताप केला. सर्व्हरला दोन तारा बघून त्याला वाटलं, दोन स्विचना जोडणारी तारही एकाची दोन केलेली बरी. त्यानं मला न विचारता दुसरी खोचली. दोन साध्या स्विचमध्ये दोन तारा म्हणजे गोल वाट. एका संगणकानं सगळ्यांना मारलेली हाक त्या वाटेनं फिरत राहते, प्रत्येक फेरीला वाढते, आणि काही सेकंदांत सगळं ठप्प. दोन्ही स्विचचे सगळे दिवे एकदम, एका लयीत लुकलुकायला लागले की समजायचं गोल झालाय. तार उपटली की शांत. वायरमनची भावना चांगली होती, पण टीम सर्व्हरपुरती असते. स्विचमधल्या दोन तारांना स्विचनंच सांभाळावं लागतं. या प्रकारानंतर शेठजी लहान मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्यात सेटिंग करता येतात असे, घ्यायला तयार झाले. त्यात स्पॅनिंग ट्री असतं, ते गोल ओळखून एक वाट बंद ठेवतं.

आणि स्पॅनिंग ट्रीनं पुढचा धडा दिला. काट्यावरच्या संगणकावरून सर्व्हरला सलग पिंग लावून, म्हणजे 'आहेस का?' असं सतत विचारत ठेवून, मी आधी एक तार काढली. एखादं पिंग गेलं, पुढे सुरळीत. मग तार परत लावली आणि तब्बल अर्धा मिनिट उत्तर नाही. लोक टीमिंगची चाचणी तार काढून करतात, तार परत लावून करत नाहीत, त्यामुळे हे बऱ्याच ठिकाणी हंगामातच कळतं. घडतं असं: तार लागली, दिवा पेटला, सर्व्हरला वाटलं वाट मोकळी, त्यानं वाहतूक तिकडे वळवली. स्विच मात्र नव्या जोडणीकडे संशयानं बघतो. जुन्या पद्धतीत १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो, तोवर पुढे काही सोडत नाही. उपाय असा की सर्व्हरची पोर्ट स्विचवर 'एज' म्हणून नोंदवायची, म्हणजे स्विचला सांगायचं की या टोकाला दुसरा स्विच नाही, थांबू नकोस. ते केल्यावर तार परत लावतानाही पिंग एकच चुकलं. लिनक्सवर हेच काम असेल तर बाँडिंगच्या (टीमिंगचं तिथलं नाव) मोड १ मध्ये, म्हणजे एक चालू एक राखीव, 'अपडिले' नावाची सोय आहे. तार परत आली तरी ठरावीक वेळ थांबूनच तिच्यावर भरवसा ठेवायचा. सोबत 'एमआयआयमॉन' १०० ठेवला की दर १०० मिलिसेकंदांनी तारेची तपासणी होते.

मग मी दोन स्विचमधली तार काढून पाहिली. हा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सर्व्हरच्या दोन्ही तारांचे दिवे हिरवेच राहिले, कारण दोन्ही स्विच जिवंत होते. टीमच्या मते सगळं आलबेल. पण काट्याची फायबर एका स्विचवर उतरते, आणि सर्व्हर अर्धी उत्तरं दुसऱ्या स्विचकडे सोडत होता, ती तिथेच अडकून मरत होती. विंडोजचं टीमिंग समोरच्या पोर्टाचा दिवा बघतं, त्यापलीकडची वाट बघत नाही. लिनक्समध्ये एआरपीनं, म्हणजे 'हा पत्ता कुणाचा?' असं नेटवर्कवर विचारून, पलीकडचा माणूस जिवंत आहे का ते बघता येतं. इथे ती सोय नव्हती.

म्हणून भाराचं वाटप मी सोडूनच दिलं. काट्याची फायबर ज्या स्विचवर येते, त्या स्विचची तार चालू, आणि ऑफिसच्या स्विचची तार राखीव. विंडोजच्या टीममध्ये एक पोर्ट असं राखीव ठेवता येतं. नेहमीचं काट्याचं काम दोन स्विचमधल्या तारेवर अवलंबूनच राहत नाही. ती तुटली तर ऑफिसातले संगणक अडतील, पण फाटकावरची पट्टी निघत राहील. कोणता बिघाड आधी झेलायचा हे मिलमध्ये ठरलेलंच आहे.

शेठजींना हे पचायला वेळ लागला. "म्हणजे दुसरी तार नुसती बसून खाणार?" मी म्हटलं, जनरेटर रोज चालत नाही म्हणून कुणी विकत नाही. "जनरेटर निदान आवाज तरी करतो," ते म्हणाले. त्यात तथ्य होतं. राखीव तार मेली तर कुणाला कळणार? सर्व्हर मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते, पण सर्व्हर मॅनेजर उघडतो कोण? म्हणून यंत्राऐवजी वहीवर भरवसा ठेवला. अमावस्येला आवक कमी असते. त्या दिवशी काट्यावरचे आबा दोन्ही तारांचे दिवे बघतात, मग चालू तार काढून एक पट्टी काढून बघतात, तार परत लावतात, आणि मुनीमजी वहीत तारीख टाकतात. चालू तारेला लाल पट्टी, राखीव तारेला निळी. फायबरचा स्विचच गेला तर काय, हेही आबांना करून दाखवलं: कन्व्हर्टरपासून आलेली पिवळी तार इकडून काढायची, ऑफिसच्या स्विचच्या मोकळ्या पोर्टात लावायची, सर्व्हर तोवर निळ्या तारेवर आलेला असतो. आबांनी दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता ते केलं. दोन्ही स्विच विजेच्या एकाच बोर्डावर होते, त्यातला एक वेगळ्या यूपीएसवर हलवला, नाहीतर ही सगळी कसरत एका फ्यूजवर लटकली असती.

हे सर्व्हर २०१९ वर झालं म्हणून असं झालं. एका सर्व्हरच्या आत अनेक संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवायच्या असतील तर त्यासाठीच्या विंडोजमधल्या हायपर-व्हीसाठी हे जुनं टीमिंग आता मायक्रोसॉफ्टच बाजूला सारतंय. तिथे सर्व्हर २०१६ पासूनचं स्विच एम्बेडेड टीमिंग वापरायचं, त्यात आठपर्यंत पोर्ट येतात आणि स्विचला न कळवणारी पद्धतच चालते. आणि नुसती फाईल शेअरिंग वेगवान हवी असेल तर विंडोजच्या फाईल शेअरिंगमधलीच एसएमबी मल्टिचॅनल ही सोय आधी बघा, ते टीमिंगशिवायही दोन तारा वापरतं.

हंगाम सुरू झाल्यावर एका दुपारी आबांचा फोन आला. "ताई, लाल पट्टीवाला दिवा बंद शे. पन काटा चालू शे." मी विचारलं, पट्ट्या निघताहेत का? "निघी ऱ्हायन्यात ना. मी हात नही लावेल." संध्याकाळी जाऊन पाहिलं तर प्लगची क्लिप तुटलेली आणि प्रेसच्या हादऱ्यानं तार सैल होऊन बाहेर आलेली. दुपारभर निळ्या तारेवर काम चाललं होतं आणि आबांखेरीज कुणाला पत्ता नव्हता. मुनीमजींनी मला बघितल्यावर विचारलं की आज काय काम काढलंय. नवीन टोक लावलं, तार पेटीच्या कडेला बांधून घेतली, दिवा आला, पिंग एकच चुकलं.

दुसऱ्या फायबरचा अंदाजखर्च मी शेठजींना दिलेला आहे. ती कुंपणाच्या उलट्या बाजूनं न्यावी लागेल, कारण जुनीच्याच चरातून नेली तर एका जेसीबीत दोन्ही जातील. "सरकीचे भाव बघू, मग बोलू," असं त्यांचं उत्तर आहे.